व्यवसायाचा रकाना

बागेच्या फाटकावर पाटी आहे. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, की फुलं तोडू नयेत, कुत्री आणू नयेत आणि गाद्या वाळत घालू नयेत. पहिल्या दोन सूचना यवतमाळातल्या कुठल्याही बागेवर सापडतील. तिसरी फक्त आमच्या इथे आहे. नगरपालिकेला ती मुद्दाम रंगवून घ्यावी लागली, कारण बाग उघडल्यावर पहिले काही महिने आमच्या लोकांची जुनी सवय सुटली नव्हती आणि सकाळ झाली की कोणी ना कोणी गादी डोक्यावर घेऊन फाटकाशी यायचंच.

मागच्या हिवाळ्यात मीही गेले. अब्बा कित्येक महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या खालची कापसाची गादी घामाने आणि बाकी सगळ्याने ओली होऊन दगडासारखी जड झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत ऊन येत नाही. म्हणून त्यांना चटईवर निजवलं, गादी गुंडाळली, जिन्याने खाली आणली आणि फाटकापाशी उभी राहिले. चौकीदार नवा होता, बाहेरगावचा. खुर्चीवरून न उठताच म्हणाला, "ओ बाई, पाटी दिसून नाही राह्यली का? वाचता येत नाही का?"

"येते," मी म्हटलं.

आणि परत फिरले. मी भांडकुदळ बाई आहे. भाजीवालीशी, कंडक्टरशी, रेशनच्या दुकानात मी भांडत आले आहे आणि बहुतेक वेळा जिंकलेही आहे. पण त्या पाटीशी भांडायचं तोंड मला नाही. का नाही, ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

आमची गल्ली म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगच्या, सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागची वीस-बावीस घरं. सगळे पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, शिवायच्या, एवढंच काम पिढ्यान्‌पिढ्या. जिनिंग चालू होती तेव्हा मागच्या मोठ्या पटांगणात कापसाच्या गंज्या लागायच्या. ती बंद पडली, गंज्या गेल्या, आणि ते पटांगण न विचारता, न सांगता आमच्या कामाला लागलं. सकाळी बाया तिथे जुन्या गाद्या उसवायच्या आणि आतला गोळे झालेला कापूस उन्हात पसरायच्या. ऊन खाऊन तो मोकळा झाला की पिंजण मशीनवर जायचा, संध्याकाळी पुन्हा खोळीत भरला जायचा. गिऱ्हाईक गादी घेऊन जायचं आणि दोन-तीन वर्षांनी तीच गादी घेऊन परत यायचं. आजीच्या गादीतला कापूस नातीच्या गादीत गेलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. हल्ली गावात शहर टिकाऊ कसं करावं यावर भाषणं होतात. चहा चांगला असतो म्हणून मी जाते. काहीच न फेकणारी एक गल्ली याच गावात होती, हे अजून एकाही वक्त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

पण उगाच गोड करून सांगत नाही. गल्लीतली नाली उघडी होती आणि पावसाळ्यात ती घरात यायची. वीस घरांना एक नळ, त्यावर रोजची झोंबाझोंबी. कापसाचा भुगा अन्नात, पाण्यात, डोळ्यांत. अम्मीचा खोकला तर माझ्या जन्माआधीपासूनचा होता, त्या आवाजावर मी तिला अंधारातही ओळखायची. गल्ली सुधारावी असं आम्हालाही वाटत होतं. कोणाला नसतं वाटलं?

मला जरा जास्तच वाटत होतं, कारण मला तिची लाज वाटायची. शाळेत माझ्या वेणीत नेहमी कापूस अडकलेला असायचा. घरून निघताना अम्मी नीट झटकून द्यायची, तरी एखादा तंतू राहायचाच. मागच्या बाकावरच्या मुली तो चिमटीत धरून काढायच्या, एकमेकींना दाखवायच्या आणि फुंकर मारून उडवायच्या. एकदा बाईंनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, "का गं, गादीतच झोपतेस की काय, गादीवर न झोपता?" वर्ग हसला, मीही हसले. तेव्हापासून कॉलेज संपेपर्यंत मी एकाही मैत्रिणीला घरी आणलं नाही. राहते कुठे म्हणून विचारलं तर जिनिंगच्या "पुढे" राहते म्हणायची. "मागे" हा शब्द तोंडातून काढला नाही.

मग कपाशीची ती वाईट वर्षं आली. यवतमाळचं नाव रोज पेपरात यायला लागलं, गाड्या भरभरून लोक खेड्यांकडे जायला लागले, कापूस पिकवणाऱ्यांची दुःखं लिहून घ्यायला लागले. ती खरीच होती, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मात्र कापूस पिंजणाऱ्याकडे कोणी फिरकलं नाही. आधी कळंब-बाभुळगावकडची माणसं लेकीच्या लग्नासाठी घरचा कापूस वेगळा ठेवायची आणि त्याचीच गादी भरून न्यायची. तांड्यावरच्या बाया स्वतःच्या हातची, आरसे लावलेली खोळ घेऊन यायच्या आणि भरणी होईपर्यंत समोर बसून राहायच्या, आपला कापूस बदलला जाऊ नये म्हणून. त्या वर्षांत घरात ठेवायला कोणाकडे कापूस उरला नाही. जेवढा निघाला तेवढा पडत्या भावात बाजारात गेला. त्यात गावात फोमच्या गाद्यांची दुकानं आली. लग्नाच्या गाद्या बंद झाल्या. आमच्याकडे उरल्या त्या जुन्या गाद्या, उसवून, वाळवून, पुन्हा पिंजायच्या. म्हणजे उरली होती ती घरोघरची मशीनं आणि एक पटांगण. त्यावर गल्ली जेवत होती.

अशात नगरपालिकेने आमच्या भागाच्या सुधारणेची योजना काढली. पक्की घरं, बंदिस्त नाली, घरोघरी नळ, मुलांना खेळायला बाग. त्याआधी घरोघर जाऊन फॉर्म भरायचे होते आणि त्यासाठी पदवीधर मुलं-मुली तात्पुरत्या नोकरीवर घेतली. मी नुकतीच बीए झाले होते. माझी निवड झाली तेव्हा अब्बांनी गल्लीत पेढे वाटले. पिंजाऱ्याची पोरगी गळ्यात ओळखपत्र घालून ऑफिसात जाते, याचं त्यांना इतकं अप्रूप, की ते ओळखपत्र घरी आल्यावर खिळ्याला तेच अडकवायचे.

आम्हाला फॉर्म समजावून सांगणारे इंजिनिअर साहेब सभ्य माणूस होते. हे मुद्दाम लिहिते, कारण या गोष्टीत कोणीतरी दुष्ट असता तर मला फार सोयीचं झालं असतं. ते म्हणाले, "व्यवसायाचा रकाना नीट भरा. पुढचं नियोजन त्यावर ठरेल." मी वहीत लिहून घेतलं. घरी आल्यावर ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना वाचून दाखवलं.

"पुढचं नियोजन म्हणजे टॅक्स," शेजारची खाला म्हणाली.

ही खाला म्हणजे गल्लीची न निवडलेली सरपंच. नवरा लवकर गेला, मशीन तिने एकटीने चालवलं, आणि कागद घेऊन येणारा कुठलाही माणूस हा काहीतरी घ्यायलाच येतो, यावर तिची ठाम श्रद्धा. ती एकटी नव्हती. जकातीच्या काळापासून गल्लीला एक कवायत पाठ होती. कोपऱ्यावर कागदवाला दिसला की हाळी जायची आणि घटकाभरात धंदा दिसेनासा व्हायचा. मशीनवर रजयांची चळत चढायची, कापसाची पोती खाटांखाली जायची, उरलेल्या पोत्यांवर म्हाताऱ्या बसायच्या आणि जपमाळ ओढायला लागायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. विजेचा माणूस आला तरी तेच, कारण सगळी मशीनं घरच्याच मीटरवर चालायची. ही कवायत आमच्या आजोबांना उपयोगी पडली होती, अब्बांना पडली होती. ती कधी उलटेल असं कोणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

मी काय केलं? मी म्हणू शकले असते, की खाला, या वेळी खरं सांगा, साहेब भला माणूस आहे. शिकलेली होते, माझं थोडंफार ऐकलं असतं. मी म्हटलं, "जे करायचं ते करा, पण कुठं भुगा दिसायले नको." कारण सर्वेक्षण जोडीने करायचं होतं आणि माझ्या जोडीला कॉलनीतली एक मुलगी होती, माझ्याच वर्गातली. मी जिनिंगच्या मागे राहते हे तिला पहिल्यांदाच कळणार होतं. तिने माझ्या दारातून चिमटीत तंतू धरून बाहेर पडावं, हे मला चालणार नव्हतं.

आदल्या दिवशी आम्ही पटांगण झाडलं. ईदच्या नमाजाआधी झाडतात तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अम्मी खोकत झाडत होती आणि मी तिच्या पुढे. बाभळीच्या काट्यांना अडकलेला कापूससुद्धा मी हाताने वेचला. वर्षानुवर्षं वापरात असलेली जागा दोन तासांत अशी झाली, की इथे कधी माणसाचं पाऊल पडलं नसावं.

सर्वेक्षणाच्या दिवशी खाला दारातच एका मोठ्या पोत्यावर बसली होती, वरून चादर अंथरून. मी फॉर्म काढला आणि ऑफिसच्या भाषेत विचारलं, "आपला व्यवसाय?"

"कायचा व्यवसाय, बाई," ती म्हणाली, "म्हातारं मानूस, बसून राह्यतो." आणि जोडीदारणीचं लक्ष नाही असं बघून मला डोळा मारला. पोतं तिच्या वजनाने बाजूने फुगलं होतं. मला हसू आवरेना. रकान्यात मी "नाही" लिहिलं.

सगळ्या घरी तसंच. कोणी मजूर झालं, कोणी बेकार झालं, कोणी म्हणे मुलगा नागपूरला असतो. शेवटी आमचं घर. अब्बा खास धुतलेला कुर्ता घालून बसले होते. फॉर्मवर सर्वेक्षक म्हणून माझं नाव आणि कुटुंबप्रमुख म्हणून त्यांचं. मी विचारलं, "व्यवसाय?"

"मजुरी लिव."

"कशाची मजुरी, काका?" जोडीदारणीने विचारलं.

"भेटंल ते काम," अब्बा म्हणाले.

त्यांच्या उजव्या भुवईला कापसाचा एक तंतू लटकत होता. पहाटे लवकर उठून त्यांनी एक गादी उरकली असणार. ते बोलताना तो तंतू हलत होता, वर-खाली, आणि मला दुसरं काही दिसेना. मी नजरेने खूण केली. अब्बांना कळलं. त्यांनी घाम पुसल्यासारखं करून कपाळावरून हात फिरवला आणि तो तंतू मुठीत घेतला. खाली दोन चौकोन होते, घरात व्यवसाय चालतो: हो, नाही. मी "नाही"वर खूण केली. अब्बांनी अंगठा दिला, तो शाईचा हात कुर्त्याला लागू नये म्हणून लांब धरून बसले. दुसरी मूठ तशीच मिटलेली होती.

बाहेर पडताना जोडीदारीण म्हणाली, "किती स्वच्छ आहे गं तुमची गल्ली!" त्या एका वाक्याने मला जो आनंद झाला, तो आठवला की आजही अंगावर काटा येतो. बीएचा निकाल लागला तेव्हाही इतका झाला नव्हता.

काही महिन्यांनी नगरपालिकेच्या व्हरांड्यात नकाशा लागला. मी ऑफिसातच होते, सगळ्यांआधी पाहिला. आमची घरं पाडून तिथे तीन मजली इमारत, एकेका कुटुंबाला खोली आणि स्वयंपाकघर. खाली गाळे नाहीत. मशीन बसवायला जागा नाही, कारण इमारत निवासी. आणि पटांगणाच्या जागी हिरवा रंग, त्यावर बारीक अक्षरांत: विनावापर मोकळी जागा, उद्यान प्रस्तावित. बाजूच्या गल्लीत मात्र कामाची पत्र्याची शेड दाखवली होती, पाण्याच्या हौदासकट. ती टोपल्या-सुपं विणणाऱ्यांची गल्ली. त्यांनी व्यवसाय लिहिला होता. त्यांचा प्रामाणिकपणा मोठा होता अशातला भाग नाही. वीस-वीस फुटी बांबू लपवणार कुठे?

घरी सांगितलं तेव्हा गल्ली खूश झाली. पक्कं घर मिळणार, टॅक्स लागला नाही, खाला तर म्हणाली, "पाह्यलं, माहं ऐकलं म्हनून." अब्बा तेवढे गप्प राहिले. जेवताना म्हणाले, "बाग होईन तं गाद्या कुठी वाळतीन?"

मी भाकरी मोडत राहिले.

"अन मशीन? दुसऱ्या मजल्यावर चढवू काय? तू लिवलं ना बेटा, तं तूच बदलवून आन."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना भेटले. खरं ते सांगितलं, सगळंच, रजयांची चळत आणि खालाचं पोतंसुद्धा. ते रागावले नाहीत. म्हणाले, "हरकत घेता येते. नकाशाखाली नोटीस लावलीच आहे. अर्ज आला की आम्ही पुन्हा पाहणी करू, जागा बदलता येईल. पण अर्जात लिहावं लागेल, की सर्वेक्षकाने चुकीची माहिती भरली. आणि सर्वेक्षक तुम्हीच." मग जरा थांबून म्हणाले, "करवसुलीच्या विभागात पुढे घ्यायला तुमच्यातल्या चौघांची नावं पाठवतोय. त्यात तुमचं आहे. चार दिवस आहेत. विचार करा."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण शाळेत पाठ केली होती, परीक्षेत वाक्यात उपयोगही केला होता. पूर्ण गुण मिळाले होते.

मी बसस्टँडला वळसा घालून, लांबच्या रस्त्याने घरी आले. कोरा अर्ज पर्समध्ये होता. अब्बा कोपऱ्यावरच उभे होते, हातात कोणाच्या तरी गादीची खोळ.

"काय म्हने साहेब?"

"मुदत संपली, अब्बा."

"कवा?"

"काल."

एवढं नेमकं खोटं बोलायला मला कोणी शिकवलं नव्हतं. ते "बरं" म्हणाले आणि खोळ झटकायला लागले. पुढचे चारही दिवस मी ऑफिसात निघाले की ते पटांगणात कापूस पसरताना दिसायचे, आणि रोज मला वाटायचं, आज अर्ज द्यावा. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या दिवशी धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला, नाव घातलं, गल्लीचं नाव घातलं, आणि "सर्वेक्षकाने" या शब्दाशी येऊन अडले. चौथ्या दिवशी ऑफिस सुटायच्या वेळी मी आवक खिडकीसमोर उभी होते. बाबूने मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "काही द्यायचं आहे का मॅडम?" मला मॅडम म्हणणारा तो पहिला माणूस. मी नाही म्हटलं.

नंतरचं फार लिहिण्यासारखं नाही. घरं पाडली, भाड्याच्या खोल्यांत विखुरलो, दोन वर्षांनी इमारतीत आलो. नाली बंदिस्त झाली, नळ आले. खरंच आले, खोटं कशाला बोलू. मशीनं गेली. काही जण आदिलाबादकडे गेले, एकाने मशीन तीनचाकीवर चढवलं आणि गावोगाव फिरायला लागला. खालाने नव्या घरात हाताने पिंजून पाहिलं, तर खालच्या मजल्यावरून भुग्याची तक्रार आली. तक्रार करणारे आमचेच, पिंजाऱ्याचेच. आता त्यांनाही स्वच्छ गल्लीत राहायचं होतं. अब्बांनी मशीन भंगारात दिलं, तेव्हा ते चाकाला हात लावून बघत होते, बेअरिंग अजून चांगलं आहे म्हणून भंगारवाल्याला सांगत होते, जणू तो ते चालवणार होता. अम्मीने नव्या घरात एकच हिवाळा काढला.

आणि माझी नोकरी? करवसुलीच्या विभागात चौघांची नावं गेली आणि तिथेच राहिली. होळीच्या आधी सर्वेक्षणाचं काम संपलं आणि आम्हीही संपलो. ओळखपत्र परत जमा करून घेतलं. तेव्हापासून मी बालवाडीत शिकवते, मुलींच्या वेणीत काय अडकलंय ते बघत नाही.

तर त्या दिवशी चौकीदाराने हटकल्यावर मी गादी घेऊन पुन्हा दोन मजले चढले. जिन्यात टेकत टेकत, म्हणून बराच वेळ गेला होता. गादी खाटेवर घातली, अब्बांना चटईवरून उचलून त्यावर घेतलं. आता हाडंच राहिली होती, जड नव्हतं काही.

"ऊन देल्लं का गादीले?"

"दिलं," मी म्हटलं. बागेतून हाकललं, हे त्यांना ऐकवायचं नव्हतं. किंवा मला सांगायचं नव्हतं. एवढ्या वर्षांनी यातला फरक मलाही कळत नाही.

त्यांनी तळहात गादीवर ठेवला आणि हळूहळू दाबला. साठ वर्षं कापसात गेलेला तो हात. तो खोटं कसं ऐकेल?

"ओली हाय," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "मुदत संपली असंन."

मला वाटलं, आजारपणात काहीतरी बरळताहेत. मग ते माझ्याकडे बघत होते ते दिसलं.

"चार दिस होते ना, तवा?"

मी खाटेच्या कडेला बसले. "तुम्हाले कोनं सांगतलं?"

"त्याच हप्त्यात साहेबाच्या घरची गादी आल्ती पिंजायले. शिपाई घेऊन आल्ता. तो म्हने, कायले घाबरता चाचा, चार दिस हायेत अजून, अर्ज करा." ते थांबले, दम घेतला. "गादी मीच नेऊन देल्ली, तिसऱ्या दिशी. साहेब दारातच उभे होते. हात लावून पाह्यलं त्यायनं, म्हने वा, नवी झाली."

ज्या माणसाच्या टेबलावर आमच्या गल्लीत धंदा नाही असा कागद होता, त्याच्या घरची गादी आमच्या गल्लीतून नवी होऊन गेली होती. आणि अब्बा त्याच्या दारात उभे होते. एक वाक्य बोलले असते तर झालं असतं.

"मंग बोलले काहून नाही?" मी ओरडलेच.

"बोललो असतो तं तुहं नाव आलं असतं."

"नोकरी तं गेलीच ना, अब्बा."

"ते मले तवा काय मालूम," ते म्हणाले.

खाली बागेत पोरं घसरगुंडीवर ओरडत होती, आणि मी म्हटलं, की मी त्या वेळी खोटं बोलले, मला माफ करा. त्यांनी हात हलवला, माशी हाकलावी तसा. माफ केलं की तो विषय नको म्हणाले, ते मला कळलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

"उलटी करून घाल," ते म्हणाले. "खालची बाजू कोरडी असंन."

मी त्यांना पुन्हा चटईवर निजवलं आणि गादी उलटी करून घातली. खालची बाजूही ओलीच होती. त्यांनी त्यावर हात ठेवला, मला ठीक आहे म्हणून सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून निजले.